दगा नाना आणि मागून येणारे

गाडीत माणसं बसली, सामान चढलं, दारं लागली, इंजिन सुरू झालं, की दगा नाना खाली उतरायचे. मागचं डावं दार पुन्हा उघडायचे, त्याला धरून उभे राहायचे आणि समुद्राच्या दिशेने बघत राहायचे. आत बसलेल्यांना वाटायचं, आपल्यातलं कुणी मागे राहिलं. ते एकमेकांना मोजायचे. कुणीच राहिलेलं नसायचं. पाच मिनिटं जायची, कधी दहा. मग नाना हलक्या आवाजात विचारायचे, "उना का?" म्हणजे अहिराणीत, आला का. उत्तर कुणाचंच यायचं नाही, पण नानांना ते मिळत असावं. ते मान डोलवायचे, दार लावायचे, तेही असं बेताने, की आतल्या कुणाची बोटं चेंगरू नयेत. आणि त्या बाजूला तर कुणी बसलेलंच नसायचं.

मी तेव्हा सुरतेत एका जहाज-एजंटाच्या ऑफिसात कारकून होतो. मूळचा धुळ्याकडचा. हजिऱ्याच्या धक्क्याला जहाज लागलं, की ज्यांची बोटीवरची मुदत संपली त्या खलाशांना उतरवून घ्यायचं, कागद करायचे आणि विमानावर पोचवायचं, हे माझं काम. त्या एक-दोन वर्षांत मगदल्ल्याच्या पट्टीवर मुंबईचं एक छोटं विमान यायचं. आठवड्यातून काही दिवस, तेही त्याच्या मर्जीने. गंमत म्हणजे हजिऱ्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की तो विमानतळ तापीच्या मुखापलीकडे जवळजवळ समोरच. विमान उतरताना दिसायचं. पण मध्ये पाणी. म्हणून इच्छापोरवरून, अडाजणवरून, तापीचा पूल ओलांडून, अख्ख्या शहराला वळसा घालून पुन्हा समुद्राकडेच यायचं. नव्या माणसाला वाटायचं, हा ड्रायव्हर आपल्याला फिरवतोय. त्यात ड्रायव्हरचं नाव दगा.

नावाची कथा साधी होती. खानदेशात ज्या घरी पोरं जगत नाहीत, तिथे पुढच्याचं नाव दगा, दगडू असं काहीतरी ठेवतात. यमाला मोह होऊ नये म्हणून. नाना तीन भावंडं गेल्यानंतरचे. पण हे खलाशांना कोण सांगणार? "चलो, दगा ले जाएगा आपको," असं मी एकदा एका बिहारी खलाशाला सहज म्हणालो, तर तो बॅग उचलून पुन्हा बोटीची शिडी चढायला लागला. तेव्हापासून मी नुसतं 'नाना' म्हणायचो.

पन्नाशीचा माणूस. काटकुळा, उंच, डोक्यावर टोपी, अंगात खाकी शर्ट, आणि ओठ मिटलेले. दिवसभरात दहा शब्द बोलले तर पुष्कळ. त्यातले दोन 'उना का' आणि तीन 'मांगलं येऊ द्या'. मागचं येऊ द्या. घाई करणाऱ्या प्रत्येकाला हेच उत्तर. आमचे मालक किरीटभाई धक्क्यावर आले, की घड्याळ दाखवून ओरडायचे, "दगाजी, पेसेंजर बेठा, हवे कोनी वाट जुओ छो?" आता कुणाची वाट बघताय? नाना म्हणायचे, मांगलं येऊ द्या. किरीटभाई कपाळाला हात लावायचे आणि दुसरा ड्रायव्हर शोधायची धमकी द्यायचे. दुसरा मिळायचा, एकदोन खेपा करायचा आणि यायचा बंद व्हायचा. धक्क्याचा रस्ता तसा होताच. दोन्ही बाजूंना खारट, पांढरी, भेगाळलेली जमीन, मध्ये गांडो बावळाची, म्हणजे वेड्या बाभळीची झुडपं, आणि दुपारी बारा-एकच्या सुमाराला समोरून कुणी चालत येतंय असा भास. जवळ गेलं की कुणी नसायचं. उन्हाचा खेळ. पण रोज त्याच जागी व्हायचा.

'मागलं' म्हणजे काय, हे नानांनी मला फार दिवसांनी सांगितलं, तेही तुकड्यातुकड्याने. त्यांचं म्हणणं असं, की बोटीवर माणूस महिनोन्‌महिने राहतो, तिथे सगळं हळू चालतं. मग एक दिवस तो शिडी उतरतो. देह टपकन जमिनीवर येतो, पण बाकीचा माणूस तेवढ्या लवकर येत नाही. तो पाण्यावरून चालत, आपल्या गतीने, मागून येतो. त्याची वाट न बघता देहाला उचलून विमानात घातलं, तर घरी अर्धाच माणूस पोचतो. दिसायला सगळा, पण अर्धा. मी म्हणालो, नाना, हे तुम्हाला कोणी सांगितलं? ते म्हणाले, दिसतं.

या एका समजुतीपोटी त्यांच्या गाडीत काय काय होतं. ॲम्बॅसेडर होती, जुनी, पांढरी. तिच्या मागच्या डाव्या बाजूला पायाखाली गोणपाट अंथरलेलं. का? तर पाण्यावरून आलेल्याचे पाय ओले असतात. डाव्या बाजूला माणूस बसवायचा नाही, तिघं असले तर दोघं मागे उजवीकडे दाटीवाटीने आणि एक पुढे. हॉर्न वाजवायचा नाही, कारण मागलं बिथरतं. म्हशी आडव्या आल्या तर नाना उतरून त्यांना समजावायचे. आणि आतला आरसा छताकडे वळवलेला. मी पहिल्याच दिवशी तो सवयीने सरळ करायला गेलो, तर नानांनी माझा हात धरला. जोरात नाही. "बापू, तेन्हाकडे देखू नको," म्हणाले. त्याच्याकडे बघू नकोस, लाजतं ते.

ह्या पहिल्या खेपेची एक गोष्ट मी ऑफिसात सांगितली नव्हती. आमच्या गाडीत एकच खलाशी होता, फिलिपिनो स्वयंपाकी, उजवीकडे बसून पेंगत होता. इच्छापोरच्या फाट्याला नाना थांबले, उतरले, दार उघडलं. भर दुपार. वारा पडलेला, कारखान्यांचे भोंगेसुद्धा गप्प. मी पुढे बसलो होतो. नाना म्हणाले, "उना का?" आणि गाडी मागून खाली दबली. स्प्रिंगचे पाटे करकरले. जसं कुणी आत बसावं तसं. मी वळून बघितलं नाही. स्वयंपाक्याने कूस बदलली असेल, असं मनाला सांगितलं, आणि अजूनही तेच सांगतो. पण तो माणूस त्याच क्षणी जागा झाला, मोठ्याने हसला आणि त्याच्या भाषेत बोलायला लागला. विमानतळ येईपर्यंत बोलत होता. उतरताना त्याने नानांचे दोन्ही हात धरले. पुढे वर्षभराने तोच माणूस पुन्हा उतरला, तेव्हा त्याने शिडीवरूनच मला विचारलं, तो थांबणारा म्हातारा आहे ना?

सगळेच असे नव्हते. एक सेकंड ऑफिसर होता, आपल्याच देशातला, शिकलेला. त्याला हा प्रकार कळल्यावर तो संतापला. मी कुणाची वाट बघणार नाही, गाडी हाक, नाहीतर तुझ्या मालकाला सांगतो, असं त्याने सुनावलं. नानांनी वाद घातला नाही. गाडी हाकली. कुठे थांबले नाहीत. विमानतळावर, म्हणजे एक खोली, एक टेबल आणि बाहेर टिटव्यांनी भरलेलं माळरान, अशा त्या विमानतळावर आम्ही वेळेच्या तासभर आधी पोचलो. नाना मला एवढंच म्हणाले, ह्याचं आलं नाही.

टेबलापाशी त्याला सही करायला सांगितली. तो पेन धरून उभा राहिला. मी म्हटलं, साहेब, नाव. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "कुणाचं?" मला वाटलं चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. त्याला कुठे जायचंय विचारलं तर म्हणाला, तुम्ही सांगाल तिथे. चेहरा शांत, पण दिवा चालू आणि घरात कुणी नाही, असा. विमान आलं. ह्या अवस्थेत त्याला चढवायला तिथला माणूस तयार होईना. विमान गेलं. मी घाबरून डॉक्टरचं बघायला लागलो, तेवढ्यात नाना रिकामी गाडी घेऊन निघून गेले. अडीच तासांनी परत आले. दार उघडून बाजूला उभे राहिले. बाकावर बसलेला तो माणूस एकदम ताठ झाला, घड्याळात बघितलं आणि मला म्हणाला, अहो, इथे चहा मिळतो की नाही? ऊन लागलं होतं, असं डॉक्टर दुसऱ्या दिवशी म्हणाले. असेल. मी कारकून माणूस, डॉक्टरच्या शब्दापुढे जात नाही. पण त्यानंतर मी नानांना कधी घाई केली नाही, आणि किरीटभाईंनीही केली नाही.

आता त्या परदेशी बाईंची गोष्ट.

त्या हिवाळ्यात एक प्रवासी जहाज, सहल करणाऱ्या म्हाताऱ्या गोऱ्या लोकांचं, मुंबईला जाता जाता इंजिन बिघडून हजिऱ्यासमोर नांगर टाकून उभं राहिलं. एवढं पांढरं, एवढं उंच जहाज सुरतेने बघितलं नव्हतं. दुरून ते पाण्यावर ठेवलेल्या लग्नाच्या हॉलसारखं दिसायचं. दुरुस्तीला चार दिवस लागणार होते. लोक वरच थांबले, पण एका बाईंना ताबडतोब घरी जायचं होतं, असा निरोप आला. लाँचमधून त्यांना धक्क्यावर उतरवलं. सत्तरीच्या, ठेंगण्या, पायात कॅनव्हासचे बूट, हातात एक छोटी पेटी आणि एक पुरुषी गवती हॅट. कागदावर एकच नाव होतं. मी त्यांना उजवीकडे बसवलं आणि नानांना खूण केली.

नाना उतरले. दार उघडून उभे राहिले. लगेचच म्हणाले, बाईंचं आलंय, बरोबरच आलंय. मला बरं वाटलं. विमान तीनचं होतं, आणि किरीटभाईंनी बजावलं होतं की हे चुकलं तर त्यांची मुंबईहून पुढची सगळी विमानं चुकतील. पण नाना दार लावेनात. खाडीकडे डोळे बारीक करून बघत राहिले. पंधरा मिनिटं झाली. मग मला जवळ बोलावून विचारलं, "बाई एकलीच शे का?" मी कागद दाखवला. एकच नाव. नाना म्हणाले, अजून एक आहे. त्याला वेळ लागतोय. खोलातून येतोय तो.

पाण्यावरून येणारे मी ऐकले होते. खोलातून हा शब्द नवा होता. मी वाकून बाईंना, माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत, विचारलं, तुमच्याबरोबर कुणी होतं का? त्यांनी मांडीवरची हॅट सारखी केली आणि सांगितलं, नवरा होता. परवा सकाळी जहाजावरच गेला. जन्मभर दर्यावर काम केलेला माणूस, जमिनीत पुरू नका असं लिहून ठेवलेलं. म्हणून कप्तानाने त्याला पाण्यात सोडलं. हे सगळं त्यांनी रडत नाही, तर पत्ता सांगावा तसं सांगितलं.

मी ते नानांना सांगितलं. नानांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. पहिल्यांदाच मी त्यांना घाईत पाहिलं. त्यांनी दार लावलं, तेही आदळून, आणि गाडी पळवली. इच्छापोरला थांबले नाहीत. पण फाटा ओलांडला आणि इंजिन आपोआप बंद पडलं. अगदी शांतपणे, दिवा विझावा तसं. गाडी घरंगळत कडेला आली. आणि मागचं डावं दार उघडलं.

त्या दाराचं कुलूप ढिलं होतं, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. नाना स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होते, मान न वळवता. पाटे करकरले. दार कुणी लावलं ते मला माहीत नाही, वाऱ्याने लागलं म्हणू या. नानांनी चावी फिरवली, इंजिन एका झटक्यात सुरू झालं. मी बराच वेळ पुढेच बघत होतो. शेवटी धीर करून हात मागे सोडला आणि सीटच्या खालून गोणपाटाला लावला. भिजलेलं होतं. बोटं नाकाशी नेली, तर खारा वास.

बाई आपल्या जागी बसून होत्या. फक्त आता त्या खिडकीबाहेर बघत नव्हत्या. डाव्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे जराशा कलून बसल्या होत्या, बसमध्ये शेजारचा झोपला की आपण बसतो तशा.

तापीच्या पुलावर मधोमध नानांनी गाडी थांबवली. मागे रिक्षावाले शिव्या घालायला लागले. नाना उतरले, डावं दार उघडलं, आणि त्या रिकाम्या जागेसमोर हात जोडले. गावातल्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तसं बोलले, "बाबा, आठेच उतरी जा. पुढे इमान शे. तठे पानी नही." इथेच उतर असं का, ते नंतर त्यांनी मला समजावलं. खाली नदी होती, ओहोटीची वेळ होती, पाणी समुद्राकडे निघालं होतं. इथून त्याला परत जाणं सोपं. विमानात चढला असता तर कुठला कुठे गेला असता, आणि बाईंनाही घेऊन गेला असता.

बाईंना ह्यातलं एक अक्षर कळलं नसणार. पण त्या सरकत सरकत डाव्या दाराने खाली उतरल्या, कठड्यापाशी गेल्या आणि पाण्याकडे बघून बोलायला लागल्या. मी त्यांच्या मागे उभा होतो. भाषा कोणती कोण जाणे, इंग्रजी नव्हती. सूर मात्र ओळखीचा होता. नवरा पिशवी विसरून बाजारात गेला की आपल्याकडच्या बायका जशा बोलतात, तो सूर. पाचेक मिनिटं त्यांनी त्याला चांगलं फैलावर घेतलं. मग हातातली हॅट फेकतील असं मला वाटलं. त्यांनी ती स्वतःच्या डोक्यावर घातली, कानापर्यंत खाली ओढली आणि येऊन सीटच्या मधोमध बसल्या. नानांनी दार लावलं. गाडी मागून हलकी झाली होती. मला तरी तसं वाटलं.

पट्टीवर पोचलो तेव्हा सव्वातीन झाले होते, पण विमान उभं होतं. धावपट्टीवर बकऱ्या आल्या होत्या आणि दोन शिपाई त्यांच्यामागे पळत होते. बाईंची सही झाली. त्या नानांपाशी गेल्या, हात पुढे केला. नानांनी आपला हात आधी शर्टाला पुसला. मग हात तसाच हातात ठेवून मला म्हणाले, बापू, हिला एक विचार. शेवटी नवऱ्याने हिला ओळखलं होतं का?

मला हे विचारणं बरं वाटेना. पण नाना थांबले होते, आणि त्यांच्या थांबण्यापुढे कुणाचं चालत नाही. मी विचारलं. बाई म्हणाल्या, हो, ओळखलं. माझा चहा कुठे आहे, असं विचारलं त्याने. मी आणायला गेले, तेवढ्यात गेला.

मी ते नानांना सांगितलं. विमान उडालं, टिटव्या उठल्या, पुन्हा बसल्या. मग नाना म्हणाले, "मना गावले येशी का, बापू?"

पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्या गावाला निघालो. व्यारा, सोनगड, नवापूर असा रस्ता. वाटेत नानांनी सांगितलं, तेही जेमतेम. त्यांची बायको जिजाबाई. दोघं उधन्याला एका खोलीत राहायची. नाना गाडी चालवायचे, ती घरी साड्यांना टिकल्या लावायची. प्लेगच्या साली सगळी सुरत पळत सुटली, तेव्हा ती तापाने फणफणली होती. नानांनी तिला ह्याच गाडीत मागे निजवलं आणि हाणली. गावोगावी सुरतेच्या गाड्या अडवायला लागलेत असं ऐकलं होतं, म्हणून कुठे थांबले नाहीत. सोनगडच्या पुढे ती म्हणाली, जरा थांबा, माझं काहीतरी मागे राहिलंय. नाना म्हणाले, राहू दे. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली. नाना थांबले नाहीत. गावी पोचले. डॉक्टर म्हणाले प्लेग नाही, ताप मेंदूत चढला. ती वाचली. आता तिथेच तिच्या भावाकडे असते, घरातलं सगळं काम करते.

मला वाटलं एवढंच.

घर गावाच्या कडेला होतं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. जिजाबाई खाटेवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होत्या. नीटनेटकं लुगडं, ठसठशीत कुंकू. आम्हाला बघून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नानांना म्हणाल्या, "या भाऊ. सुरतहून उनात का?"

नाना म्हणाले, हो. आणि परक्याच्या घरी बसावं तसे अंगणात अंथरलेल्या पोत्याच्या कडेला बसले. माझी ओळख करून दिली. जिजाबाईंनी पाणी दिलं. त्या मला सांगायला लागल्या, की आमचे हे पण सुरतेलाच असतात, टॅक्सी चालवतात, कामातून सवड मिळत नाही बिचाऱ्यांना. हे भाऊ फार भले, दर महिन्याला येऊन निरोप ने-आण करतात. मी नानांकडे बघितलं. ते अंगणातली काडी उचलून तिचे तुकडे करत होते.

मग जिजाबाईंनी चौकशी सुरू केली. मागच्या खेपेला दिलेल्या बिबड्या त्यांना पोचल्या का? नाना म्हणाले, पोचल्या. खाल्ल्या का? खाल्ल्या. त्यांनी जरा थांबून, खाली बघत विचारलं, काही म्हणाले का?

नानांनी विचार केला. मी बघत होतो, ते खरोखर विचार करत होते. म्हणाले, "मीठ जास्त व्हयनं म्हनेत."

जिजाबाई हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, नव्या नवरीसारख्या. असंच बोलणार ते, म्हणाल्या, गोड कधी बोलायचेच नाहीत, म्हणजे तब्येत बरी आहे त्यांची. मग हसू ओसरलं. त्या नानांकडे निरखून बघायला लागल्या. कपाळावर आठी आली. नानांनी काडी खाली टाकली.

"तुमना आवाज," जिजाबाई म्हणाल्या, "जरासा त्यासनासारखा शे, भाऊ."

आणि त्या चहा टाकायला आत चुलीकडे गेल्या. पाठमोऱ्या बसल्या, पण चूल पेटवताना कान इकडे होता, हे दिसत होतं.

तेव्हा दगा नाना बोलायला लागले. माझ्याशी, पण आवाज दारापर्यंत जाईल असा. चलथाणच्या कारखान्याला ह्या साली उसाच्या गाड्या किती लांब उभ्या असतात ते सांगितलं. पलसाण्याच्या रंगकारखान्यांच्या पाण्याने ओढा एक दिवस हिरवा, एक दिवस गुलाबी कसा होतो ते सांगितलं. त्यांच्या खोलीशेजारच्या बाईला मुलगी झाली, घराचा पत्रा गळतो, उधन्याच्या स्टेशनावर नवा बाक टाकलाय, सगळं सांगितलं. ज्या माणसाच्या तोंडून दिवसाला दहा शब्द निघायचे, तो न थांबता बोलत होता. शब्द संपले की मागचंच पुन्हा सांगायचे. चहा झाला. उन्हं कलली. नवापूरचा घाट उजेडात ओलांडायचा होता, निघायला हवं होतं. जिजाबाई उंबऱ्यावर येऊन बसल्या होत्या, हातातलं सूप तसंच धरून, डोळे मिटून ऐकत होत्या.

मी उठायचं नाव काढलं नाही. मध्ये मध्ये 'मग?' म्हणत राहिलो.